अंकलचा रुसवा

आमच्या तासगावात कुणी इंग्रजी शब्दाची गल्लत केली, की तो शब्द त्याच्या घरी राहायला येतो आणि गल्लत मिटल्याशिवाय जात नाही. यात गावाला नवल वाटत नाही. ताप होतो तो मला, कारण इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून बोलावणं मलाच येतं. मागं सोसायटीच्या सेक्रेटरींनी बॉरो आणि लेंडची अदलाबदल केली, तर दोघं त्यांच्या सोप्यात पाय पसरून बसले आणि दोन वेळचं जेवून वर पापड मागू लागले. मी जाऊन वाक्य नीट म्हणवून घेतलं, तेव्हा कुठं उठले. आभार कुणी मानले नाहीत. 'तुमचंच काम हाय की वो,' म्हणाले.

पण रंगराव झांबऱ्यांच्या घरचं प्रकरण नुसत्या वाक्यावर भागणारं नव्हतं.

रंगरावांची मुलगी ऋतुजा. नवरामुलगा कोइंबतूरचा, दोघं पुण्यात एकाच ऑफिसात. साखरपुड्याला पाहुण्यांशी बोलायचं म्हणून रंगरावांनी एक इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. भावाकडे बोट दाखवून ते म्हणाले, 'हर अंकल.' बहिणीच्या नवऱ्याकडे दाखवून म्हणाले, 'हर अंकल.' शेवटी शहाजीमामाला पुढं ओढलं आणि तेच म्हणाले. आई गेल्यापासून ऋतुजा या मामाकडेच वाढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकल बॅग घेऊन दारात उभा.

दिसायला चारचौघांसारखा होता. एका बाजूनं काका वाटे, दुसऱ्या बाजूनं मामा. मी विचारलं, 'तुमची तक्रार काय आहे?'

'तक्रार नाही,' तो म्हणाला. 'या घरात माझी तीन जागांवर नेमणूक झाली आहे. रुजू व्हायला आलोय.'

वाक्य चुकलेलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. पण इंग्रजीच्या हिशेबानं त्यात काहीच चुकलं नव्हतं. नात्यांची गल्लत झाली म्हणून शब्द आला आणि व्याकरण बिनचूक म्हणून तो जाईना. बरोबर वाक्य दुरुस्त कसं करायचं, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलेलं नाही. माझं डोकं उठलं.

'मॅडम, काढा की ह्याला,' रंगराव म्हणाले.

'तुम्हाला मामा म्हणायला काय झालं होतं?'

'आवो, पावण्यांस्नी कळाय नको?'

लग्नाच्या दिवशी अंकल पहाटेच फेटा बांधून तयार. काकांच्या जागी दारात उभं राहून त्यानं पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडलं. काका पंख्याखाली बसून राहिले. मग लाऊडस्पीकरवर भटजींचा पुकारा झाला, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' अंकल उठला.

शहाजीमामा मांडवाच्या पार मागं, बुटांच्या ढिगाजवळ बसला होता. मी म्हटलं, 'मामा, उठा.'

'माझी जागा भरली म्हनं,' तो म्हणाला. 'बसतो हितंच. लगीन सुकानं होऊ दे तिचं.' आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. मला त्याचाही राग आला. सगळ्यांचाच आला.

ऋतुजानं खोलीला आतून कडी घातली होती. 'मामा आला तर यीन,' ती आतून ओरडली. 'न्हाईतर त्या अंकलशीच लावा माझं लगीन!'

मुहूर्त टळायला आला. भटजी घड्याळ बघून खाकरत होते. तेवढ्यात ऋतुजाच्या आत्याचे यजमान, म्हणजे घरचे जुने जावई भगवानराव माझ्या अंगावर धावून आले. झांबऱ्यांच्या घरात जावई रुसल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आजवर प्रत्येक लग्नात भगवानराव रुसून घरच्या जीपमध्ये जाऊन बसत, चार माणसं जाऊन त्यांची समजूत काढत आणि मगच मंगलाष्टका सुरू होत.

'मॅडम, मी रुसायला गेलो, तर पोरं म्हणत्यात, तुमची बी जागा भरली! आता मी रुसू बी नको?'

मी भगवानरावांना तिथंच सोडलं आणि तरातरा अंकलकडे गेले.

'जावयाची जागा तुमच्याकडेच आहे ना?'

'रीतसर.'

'मग तुम्ही अजून रुसला का नाहीत? जावई रुसून मांडवाबाहेर जातो, मग पुढचं सगळं. ही या घरची रीत आहे. अर्धवट काम करायचं असेल तर नेमणूक घेता कशाला?'

अंकलचा चेहरा पडला. शब्द कामात कुचराई करत नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल म्हटलं पाहिजे. 'माझ्या ध्यानात आलं नाही,' तो म्हणाला, फेटा सावरत जीपमध्ये जाऊन बसला आणि त्यानं तोंड फिरवलं.

समजूत काढायला कुणीही गेलं नाही.

मी शहाजीमामाला दंडाला धरून उठवलं. त्यानं दारावर थाप मारली. 'ऋतू, मी हाय.' कडी निघाली. मामाचा हात धरून ती मांडवात आली, तेव्हा तिची हळद त्याच्या तळव्याला लागली होती आणि दोघंही रडत होती. मीही रडले, पण वैतागून.

बोहल्यापाशी नवऱ्यामुलाच्या आईनं इंग्रजीत विचारलं, हे कोण? रंगरावांना घाम फुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

'मामा,' ते म्हणाले.

'मामा!' बाई खुलल्या. आणि पुढचं इंग्रजीत बोलल्या. त्याचं मराठी मी रंगरावांना करून सांगितलं. तमिळमध्येही मामाच म्हणतात. त्यांच्याकडेही लग्नात मामाचाच मान मोठा. साखरपुड्याच्या दिवशी अंकल अंकल काय चाललं होतं, ते त्यांना कळलंच नव्हतं.

रंगराव म्हणाले, 'आसं व्हय!' मी अक्षता टाकल्या आणि जेवायला बसले.

अंकल अजून जीपमध्येच आहे. झांबरे हल्ली एसटीनं जातात.