रूमी चांदणीच्या भावाची बखर

श्रीगजानन प्रसन्न. शब्दास साक्ष शारदा, चुकीस धनी लिहिणार. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, ते वर्षी एका राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, तांब्याच्या एका नाण्यावरून जो घोळ जाहला तो जैसा कानी आला तैसा लिहितो.

त्या राज्यातील नदीच्या वाळूत रूमच्या, म्हणजे रोमच्या, प्राचीन पातशहांची नाणी सापडत. नखाएवढी, काळवंडलेली, एकीकडे पातशहाचे मुख, दुसरीकडे भाले घेतलेले दोन शिपाई, त्यांमध्ये निशाण, आणि खाली टांकसाळीची अक्षरे. लोक ती वितळवोन भांडी ओतीत. मग हैबतराव सरदार, मोहिमेत पाय अधू होऊन घरी बसले होते, त्यांस ती जमविण्याचा छंद लागला, आणि नदीपलीकडील सिदोजीराव सरदार यांस हैबतरावांचा हेवा करावयाचा छंद पूर्वीपासोनच होता, मग त्यांनीही जमविली, आणि दोघेही अक्षर कोणते, निशाणावर ठिपका की फूल, ऐसे भेद काढू लागले, आणि भेद निघाले तसतसा भाव चढला.

ऐशियात हेमाशेट सराफाकडे एक नाणे आले, त्याच्या निशाणावर चांदणी. ऐसे दुसरे राज्यात नाही. सिदोजीरावांनी घोडा देऊ केला, हैबतराव दोन म्हणाले, सिदोजीरावांनी जिनासह चार म्हटले, मग हैबतरावांनी ईर्षेस पेटोन नदीकाठची आंबराई लिहून दिली. ती आंबराई त्यांचे कुटुंब सगुणाबाई यांनी माहेराहून कलमे आणोन, स्वतः पाणी घालोन वाढविली होती. राव नाणे पागोट्यात बांधोन मोठ्या दिमाखाने घरी आले. बाई काही बोलल्या नाहीत. पुढेही बोलल्या नाहीत. पानात लोणचे मात्र येईनासे जाहले.

मोहिमेत तोफांपुढे न डगमगलेले राव त्या मुक्या पानापुढे डगमगले, आणि आषाढात काठी टेकीत हेमाशेटीच्या दुकानी आले, आणि म्हणाले,

"शेटजी, नाणे माघारी घ्या, आंबराई द्या."

"राव, आता या नाण्यास कोणी बकरीही देणार नाही."

"का? दुसरे सापडले?"

"नाही. एकच आहे."

"मग झिजले?"

"जैसेचे तैसे आहे."

"मग जाहले काय?"

"सिदोजीरावांनी कबुतरे पाळली."

राव बुचकळ्यात पडले. तो दुकानात बायांची ही झुंबड, आणि प्रत्येकीस हवे ते रूमचेच नाणे, ज्यावर लांडगी दोन बाळांस पाजीत आहे. ते वाळूत ओंजळीने सापडे, परंतु मुलाच्या गळ्यात बांधिले म्हणजे बाळ धष्टपुष्ट होते ऐसा बोभाटा जाहला, म्हणोन दर बाजारास महागत होते.

राव म्हणाले, "ओंजळीने मिळते ते महाग, आणि राज्यात एक ते फुकट? हा कोणता न्याय?"

शेट म्हणाले, "राव, नाणे एक असून भागत नाही, गिऱ्हाइके दोन लागतात. आपले एक उडोन गेले."

मग राव होडीत बसोन नदीपलीकडे गेले, सिदोजीरावांच्या गच्चीवर चढले, अधू पायाने फार श्रम जाहले. सिदोजीराव कबुतरांस ज्वारी टाकीत होते, त्यांनी लोड दिला, विडा दिला, पाय कैसा आहे म्हणोन पुसले. इतके अगत्य पाहोन राव उमजले, की जुना हेवा सरला.

"सिदोजीराव, एक मागणे आहे. पुन्हा एकदा माझा हेवा करा. भर बाजारात, चार लोकांत."

"केला असता, हैबतराव. आपणास नाही कैसे म्हणू? परंतु मन लागत नाही."

"नाणे पाहा तरी."

सिदोजीरावांनी नाणे उन्हात धरिले, फिरविले, फुंकले, आणि निर्मळ मनाने पुसिले, "ही चांदणी आहे, की तांब्याचा हिरवा कळंक चढला आहे?"

रावांनी नाणे हिसकोन घेतले आणि निघाले, आणि होडीत वारंवार पाहिले. क्षणात चांदणी दिसे, क्षणात कळंक दिसे.

घरी येऊन ते ओसरीवर बसले आणि घडले ते सारे आपणहून सांगितले. सगुणाबाई उठोन आत गेल्या, वाटीत भिजविलेली चिंच घेऊन आल्या, आणि इतक्या महिन्यांत प्रथम बोलल्या, "घासून पाहावे. खरे असेल ते राहील."

रावांनी चिंच हाती घेतली. चांदणी पुसली गेली तर मळाच्या ठिपक्यावर आंबराई गेली. राहिली तर खरी चांदणी, आणि तिला विचारणारे कोणी नाही. पहिले बरे की दुसरे, हे काही केल्या उमगेना, बाई तर समोर उभ्या. मग रावांनी ती चिंच तोंडात टाकली.

बाईंस हसू फुटले, आणि हसता हसता डोळे वाहू लागले, आणि हे हसणे की रडणे, हेही रावांस कळेना.

येणेप्रमाणे जाहले. आंबराई सराफाकडे राहिली, नाणे रावांकडे राहिले, ते कोणी घासले नाही. नवराबायको बोलू लागली, आणि बहुतकरून भांडू लागली, त्यात राव संतुष्ट होते. कोण जिंकले, कोण बुडाले, याचा निवाडा लिहिणारास झेपला नाही, सबब लेखणी येथे ठेविली.