इरेनाच्या आईचं प्लास्टर

"या ईस्टरला माझ्या परडीत खरं सॉसेज असणार! डुकराचं, लसूण घातलेलं, धुरी दिलेलं. आणि हे एवढं लांब!" असं म्हणत इरेनाने दोन्ही हात असे फाकवले की शेजारच्या बाईच्या कपातला चहा तिच्याच मांडीवर सांडला.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची, बेनगाझीतली. आमची पोलिश वसाहत शहराबाहेर होती. पुरुष रस्ते बांधायचे, बायका एकमेकींच्या परड्यांवर नजर ठेवायच्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी परडीत अंडी, पाव, मीठ आणि सॉसेज घालून फादरचा आशीर्वाद घ्यायचा, ही आमची रीत. पण लिबियात डुकराचं मांस विमानतळावरच जप्त व्हायचं. तीन वर्षं आमच्या परड्यांत मटण होतं. मटण हवं तेवढं! इतकं, की पोरं स्वप्नातसुद्धा बें बें करायची.

"सॉसेज येणार कुठून? आकाशातून?" डॉक्टर कारोल यांच्या बायकोने, वांदाबाईंनी, विचारलं. या बाईंना दुसऱ्याच्या घरी काही चांगलं होणार म्हटलं की ताबडतोब डोकं दुखायचं.

"आकाशातूनच! शुक्रवारच्या विमानाने माझी आई येतेय."

"आणि कस्टमवाले काय डोळे मिटून बसणार?"

इरेना नुसती हसली. शनिवारी दुपारी सगळ्यांनी घरी चव घ्यायला या, असं आमंत्रणही देऊन मोकळी झाली.

तिची योजना तिच्या मते बिनतोड होती. रजेवर मायदेशी निघालेल्या एका नर्सच्या हाती तिने आईला चिठ्ठी पाठवली होती. 'सॉसेज फडक्यात गुंडाळून पायाला बांध आणि वरून प्लास्टर घाल. म्हाताऱ्या बाईच्या मोडक्या पायाला इथे कुणी हात लावणार नाही.'

शुक्रवारी विमान उतरलं. इरेना आणि तिचा नवरा ताडेऊश काचेला नाक लावून उभे होते. आणि आल्या की ब्रोन्या आजी! चाकांच्या खुर्चीत, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर! एक शिपाई खुर्ची ढकलतोय, दुसरा बॅग धरतोय, आणि कस्टमचा मिशाळ अधिकारी स्वतः पुढे होऊन वाट करून देतोय.

"आई!" इरेनाने मिठी मारली आणि कानात म्हणाली, "काय अभिनय गं तुझा!"

"कसला अभिनय? पाय मोडलाय माझा!" आजी कण्हल्या.

"हो, हो. असंच मोठ्याने बोल," इरेना पुटपुटली.

गाडीत कंपनीचा ड्रायव्हर सालेम होता. प्रत्येक खड्ड्याला आजी "आई गं!" म्हणून ओरडायच्या आणि इरेना त्यांचा हात दाबायची.

"हाज्जा, फार दुखतंय का?" तिकडच्या रीतीने म्हाताऱ्या बाईला आदराने हाक मारत सालेमने हळहळून विचारलं. "माझ्या आईचा पाय मोडला होता ना, तेव्हा मी तिला महिनाभर नळीचं मटण खाऊ घातलं. तुम्हालाही आणून देतो."

"देव तुझं भलं करो रे बाबा! माझ्या पोटच्या पोरीपेक्षा तुलाच माझी दया आहे," आजी म्हणाल्या.

इरेनाला हसू आवरेना. घरी पोचल्यावर सात वर्षांची कासिया आजीच्या पायाशी बसली.

"आई, यावर सह्या आहेत! शेजाऱ्यांच्या! आणि हॉस्पिटलचा शिक्कासुद्धा आहे!"

"बघितलंस?" इरेनाने नवऱ्याला कोपर मारलं. "माझी आई! काम करायचं म्हणजे कसं चोख!"

"अगं, पण त्या दुखतंय म्हणतायत," ताडेऊश म्हणाला.

"दुखणारच! किलोभर सॉसेज पायाला बांधून वॉर्सातून आली आहे, चालत घरच्या स्वयंपाकघरातून नाही! भूमिकेतून बाहेर पडायला माणसाला वेळ लागतो."

आजींनी दुखण्यावरची गोळी घेतली आणि पाय स्टुलावर ठेवून आरामखुर्चीतच घोरायला लागल्या. इरेनाची सहनशक्ती तिथेच संपली. रस्तेबांधणीतला अनुभवी इंजिनिअर ताडेऊश लोखंड कापायची करवत घेऊन सासूच्या पायाशी उकिडवा बसला.

"हळू! सॉसेज कापशील!" इरेना कुजबुजली.

"मला पाय कापायची भीती वाटतेय!"

"सॉसेज फार उन्हात राहिलंय रे, वास बघ कसा येतोय."

"तो मलमाचा वास आहे, इरेना."

"चोखपणा, ताडेऊश! चोखपणा!"

खर्र, खर्र, खर्र. प्लास्टर दुभंगलं. आत कापूस. कापसाच्या आत पट्टी. पट्टीच्या आत आजींचा पाय. निळा, जांभळा, वांग्यासारखा सुजलेला आणि फक्त पाय!

इरेनाने दोन्ही तुकडे उलटे करून झटकले. पोळपाटाखाली लाटणं शोधावं तसं स्टुलाखालीही पाहिलं. मग आजींना जाग आली. त्या अशा ओरडल्या की तीन घरं पलीकडची कुत्री उत्तर देऊ लागली.

"अगं, मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढलंस होय! वेडी झालीस का?"

"पण आई, माझी चिठ्ठी…"

"कुठली चिठ्ठी? मला कुणाची चिठ्ठी नाही आली!"

आता पाय पुन्हा बांधणार कोण? वसाहतीत हाडांचे डॉक्टर एकच, कारोल. ताडेऊश धावत गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. मागोमाग वांदाबाई आल्या, आणि वांदाबाईंच्या मागे ज्यांना ज्यांना किंकाळी ऐकू गेली त्या सगळ्या! चव घ्यायचं आमंत्रण उद्याचं होतं, पण बायका आजच हजर झाल्या.

"प्लास्टर कुणी कापलं?" डॉक्टरांनी विचारलं.

इरेनाने ताडेऊशकडे पाहिलं. ताडेऊशने करवतीकडे पाहिलं.

"आणि सॉसेज कुठंय?" वांदाबाईंनी गोड आवाजात विचारलं.

इरेनाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण वसाहतीसकट आत जावं. पण तेवढ्यात आजीच फणकारल्या.

"सॉसेज? त्यापायीच तर हा पाय गेला! तिकडे मांसाचा एवढा तुटवडा, की पहाटे चारपासून दुकानाच्या रांगेत उभी होते. माझ्या लेकीची परडी तीन वर्षं मटणाची, म्हटलं लपवून न्यावं थोडं. दार उघडलं, रेटारेटी झाली, मी आपटले. लोकांनी उचलून परत माझ्या नंबरावर उभं केलं. मोडक्या पायानं घेतलं हो, किलोभर!"

सगळ्या बायकांच्या माना इरेनाकडे वळल्या.

"म्हणजे मिळालं?" इरेनाचा आवाज चिरकला. "मग आहे कुठे?"

"हॉस्पिटलात दिलं! सणाच्या तोंडावर तिथं प्लास्टर तरी कुणाला मिळतंय? त्या डॉक्टरनं आधी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्या पायाकडे."

ताडेऊशने हिशेब लावला. "म्हणजे तसं बघितलं तर सॉसेज प्लास्टरमध्येच होतं की!"

डॉक्टर कारोल ओल्या पट्ट्या हातात घेऊन थबकले. त्यांनी घसा खाकरला, एकवार बायकोकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"इरेनाबाई, तुमच्याकडे घरात… काय आहे?"

"मटण," इरेना म्हणाली.

"ते आमच्याकडेही आहे," डॉक्टर म्हणाले, आणि एक लांब उसासा टाकून त्यांनी पाय बांधायला घेतला.