समोरून, वरून आणि तिसरा रकाना

घाईत घेतलेला निर्णय आणि ओलाच अंगात घातलेला सदरा, या दोन्ही गोष्टी माणसाला चिकटून बसतात. हे मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. मुलांना ते कितपत पटले हे सांगता येत नाही, कारण बहुतेक मुले पुढे घाईनेच मोठी झाली. माझ्या घराला मात्र ते पुरते पटले आहे. कपडे धुण्याचे यंत्र कोणते घ्यावे, हा निर्णय आमच्याकडे अवघ्या पाच महिन्यांत झाला.

जुने यंत्र एका मंगळवारी अकरा कपडे आणि निम्मे पाणी पोटात घेऊन बंद पडले. दुरुस्तीवाला आला. त्याने झाकण उघडले, आत पाहिले, झाकण हलकेच लावले आणि म्हणाला, "काका, हिला आता त्रास देऊ नका. फार केलंय हिनं." (घरातल्या कोणाहीबद्दल इतक्या मायेने बोलल्याचे त्या आठवड्यात दुसरे उदाहरण नाही.)

त्याच संध्याकाळी निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. तांत्रिक सल्लागार आमचे चिरंजीव. ते कार्यालयात दिवसभर तक्ते दाखवतात आणि घरी आल्यावर सवय सुटत नाही. सदस्य सूनबाई, ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि रविवार सोडून रोज साडेसहाला घराबाहेर पडते. चिटणीस आमची नात, वय वर्षे नऊ. तिला घरात फूटपट्टी म्हणतात, कारण तिला वाकडी रेघ खपत नाही.

नातीची आजी समितीवर नव्हती. तिला डावलले असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. बैठकीची वेळ सर्वांच्या सोयीने रविवारी सकाळी नऊची ठरली आणि नेमकी त्याच वेळी ती कपडे धूत असे. इतिवृत्तात दर वेळी तिची नोंद 'पूर्वपरवानगीने अनुपस्थित' अशी सन्मानपूर्वक केली जाई.

पहिला ठराव एकमताने मंजूर झाला: यंत्र येईपर्यंत धुण्याचे काम तात्पुरत्या व्यवस्थेकडे राहील. तात्पुरती व्यवस्था म्हणजे एक टब, दोन बादल्या, एक ब्रश आणि नातीची आजी.

तिच्या उजव्या अंगठ्याचे मूळ दुसऱ्या महिन्यात सुजले. डॉक्टरांनी कागदावर 'पिळणे बंद' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. समितीने या कागदाची गंभीर दखल घेतली आणि तो फाइलला लावला. डॉक्टरांचा शब्द पाळायचा म्हणून आजीने उजव्या हाताने पिळणे खरोखरच थांबवले. ती चादर नळाला अडकवून डाव्या हाताने पीळ देऊ लागली. या कल्पकतेबद्दल समितीने तिच्या अभिनंदनाचा ठराव केला. (तो तिला कळवायचा राहिला.)

आता मूळ प्रश्न. जगात धुण्याची यंत्रे दोन प्रकारची असतात: पोटाला दार असलेली आणि डोक्याला झाकण असलेली. चिरंजीव पोटाच्या बाजूचे. त्यात पाणी कमी लागते, कपडा फाटत नाही आणि काचेतून आतले कपडे फिरताना दिसतात. सूनबाई डोक्याच्या बाजूची. उभ्या उभ्या कपडे टाकता येतात, वेळ कमी लागतो आणि मागाहून सापडलेला मोजा झाकण उचलून आत भिरकावता येतो. पोटाच्या दाराला एकदा कुलूप लागले की मोजा बाहेर तो बाहेरच. त्याने घराला शिस्त लागेल, असे चिरंजीवांचे म्हणणे पडले.

विसरलेल्या मोज्यावर तीन बैठका झाल्या. घरात महिन्याला सरासरी चार मोजे विसरले जातात आणि त्यांतले तीन तांत्रिक सल्लागारांचे असतात, असा आकडा चिटणिसांनी काढला. सल्लागारांनी तो फेरतपासणीसाठी परत पाठवला. फेरतपासणीत आकडा साडेतीन निघाला. तेव्हा तो विषय आटोपता घेतला.

चौथ्या बैठकीत जागेची पाहणी झाली. पोटाचे दार उघडले तर न्हाणीघराचे दार उघडत नाही. डोक्याचे झाकण उघडले तर ते वरच्या फळीला आपटते. फळीवर सहा वर्षे एक रिकामा डबा आहे. तो कोणी ठेवला याची चौकशी करावी, असे ठरले. चौकशी चालू आहे.

बाहेरचे तज्ज्ञमत हवे म्हणून वरच्या मजल्यावरच्या पंपवाल्यांना बोलावले. त्यांनी तीस वर्षे पाण्याचे पंप दुरुस्त केले आहेत. ते पाऊण तास बोलले. पाण्याचा दाब, फिरण्याचा वेग, पायाखालचे रबर, काही सोडले नाही. त्यांचे स्वतःचे यंत्र एकदा कपडे घुसळताना चालत चालत दारापर्यंत आले होते.

"मी म्हटलं, बाई, निघालीस कुठे? आमचं काही चुकलं का?" पंपवाले म्हणाले.

सूनबाईने विचारले, तुमचे यंत्र समोरून उघडते की वरून?

पंपवाल्यांनी वर छताकडे पाहिले. छतापलीकडेच त्यांचे घर. "ते काही मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "ते सगळं ती बघते."

त्यांचे मत 'अत्यंत उपयुक्त' म्हणून नोंदवले.

नंतर चिरंजीव दुकानात जाऊन आले. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की वापरणार कोण. प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे चिरंजीवांनी उत्तर दिले नाही आणि माहितीपत्रके घेऊन ते परत आले. दोन्ही बाजूंची मिळून चौदा पत्रके झाली. सर्व पत्रकांवर एक बाई यंत्राला टेकून हसत उभी होती. आमच्या घरात तसे हसणारे कोणी नसल्यामुळे नेमके काय चुकते आहे, हे समितीला उमगेना.

अखेर मी अध्यक्ष म्हणून नव्हे, तर मास्तर म्हणून पुढाकार घेतला. मूल समोर असले की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. फूटपट्टीला जवळ बसवून मी तुलनेचा तक्ता कसा करतात ते समजावले. डावीकडे मुद्दे लिहायचे. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. (गुणांचे नियम चिरंजीवांनी आधीच लिहून समितीकडून मंजूर करून घेतले होते.) पाणी कमी, गुण जास्त. आवाज कमी, गुण जास्त. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की दोन नव्या गोष्टींची तुलना करताना सध्या चालू आहे ती व्यवस्थाही तिसऱ्या रकान्यात घ्यायची. नाहीतर नवे जुन्यापेक्षा किती बरे, हे कळणार कसे?

"सध्याची म्हणजे कुठली, आजोबा?"

माझ्या मनात अर्थातच मेलेले यंत्र होते. पण मुलांना आयते उत्तर देऊ नये, हे माझे तत्त्व आहे. मी म्हणालो, "इतिवृत्तात लिहिलेलं असेल. शोधून काढ. आणि जे डोळ्यांनी बघशील तेच लिही."

पुढचा आठवडाभर ती शाळेतून आल्यावर न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून वही घेऊन बसली. (शाळेच्या दिवसांत आजी मोठे धुणे तिच्या सोबतीने दुपारी करीत असे.) मी येता-जाता पाहत होतो. प्रत्यक्ष निरीक्षणाची गोडी नव्या पिढीत उरली नाही म्हणतात, ते किती खोटे आहे, असे वाटून माझा ऊर भरून आला.

रविवारी ती उभी राहिली आणि तक्ता वाचू लागली. पहिले दोन रकाने अपेक्षेप्रमाणे होते. समोरून: अठ्ठावन्न गुण. वरून: एकसष्ट. सूनबाईने चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीवांनी पत्रकाकडे पाहिले.

"तिसरा रकाना," फूटपट्टी म्हणाली. "सध्याची तात्पुरती व्यवस्था. आजी."

कोणी काही बोलायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली होती. वाचताना मध्ये थांबायचे नाही, हेही मीच शिकवलेले.

"पाणी: दोन बादल्या, उरलेल्यात पायपुसणं. वीज: लागत नाही. आवाज: नाही, पिळताना थोडा येतो. मध्येच कपडा टाकता येतो का: हो, कधीही, बाबा पाच वेळा टाकतात. वाकावं लागतं का: हो, पण आपल्याला नाही. खिसे तपासते का: हो, आजोबांचा चष्मा एकदा, पुसून ठेवला, बाबांची चावी दोनदा. जागा: दाराआड मावते. बिघाड: उजवी बाजू, पण एका बाजूवर चालते. हमी: संपली असावी. दुरुस्ती: रिकामं आहे. एकूण गुण त्र्याऐंशी."

हे गुण कोणी दिले, असे चिरंजीवांनी विचारले. नियमाप्रमाणे दिले, तुम्हीच ठरवले होते बाबा, असे तिने सांगितले आणि नियमांचा कागद दाखवला. त्यावर चौघांच्या सह्या होत्या.

सर्वाधिक गुण मिळवणारी व्यवस्था निवडायची, असा नियम चौथा होता. निकाल जाहीर करणे हे अध्यक्षांचे काम. अध्यक्ष चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. तो तसा का होता, हे नुकतेच वाचून झाले होते.

नातीची आजी दारात केव्हा येऊन उभी राहिली होती, कोण जाणे. हातात बादली होती आणि बादलीत भिजवलेले आठ कपडे आणि एक मोठी चादर.

"दुरुस्तीपुढं काय लिहिलंस गं?" तिने विचारले.

"काहीच नाही, आजी. कोण करतं ते कळलं नाही. फाइलमध्ये डॉक्टरांचा कागद आहे, पण त्यावर नुसतं 'पिळणे बंद' लिहिलंय."

"मग तेवढंच लिही," ती म्हणाली.

तिने बादली बैठकीच्या मधोमध, चौदा पत्रकांवर ठेवली. पदराला हात पुसले आणि सूनबाईने सरकून दिलेल्या जागेवर बसली. सूनबाईने तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा दाबून पाहिला. ती रोज पन्नास अनोळखी हात तपासते. हा तिने पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण नंतर बराच वेळ ती मान वर करीना.

"अहो, चालू द्या तुमचं," आजी मला म्हणाली.

पण चालू काही राहिले नव्हते. व्यवस्था बंद पडली होती.

पुढच्या तीन दिवसांची आकडेवारी इतिवृत्तात आहे. एक चादर पिळण्यास लागलेले पुरुष: दोन. वेळ: चौदा मिनिटे. फुटलेल्या वस्तू: एक. चादरीचे एक टोक माझ्याकडे आणि दुसरे चिरंजीवांकडे होते. आम्ही दोघेही ती एकाच दिशेला फिरवत होतो, त्यामुळे ती मधल्या मध्ये गोल फिरत राहिली. फूटपट्टीने नोंद केली: 'फिरते. पिळली जात नाही.' (समितीच्या पाच महिन्यांच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला साधले नसते.) सोमवारी माझा पांढरा पायजमा निळा झाला. मंगळवारी चिरंजीव कॉलरला साबण घेऊन कार्यालयात गेले. तिथे घामाने फेस आला म्हणतात.

बुधवारी ते दुकानात गेले. विक्रेत्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी चिरंजीवांनी "मी" असे उत्तर दिले, असे ते स्वतः सांगतात, साक्षीदार नाही. निवड अकरा मिनिटांत झाली, त्यांतली चार गाडी लावायला जागा शोधण्यात गेली. यंत्र संध्याकाळी घरी आले. जी अडचण होती ती सुताराने अर्ध्या तासात दूर केली. चिरंजीव आता रोज रात्री जेवणाआधी कपडे लावतात आणि यंत्रापुढे उभे राहून ते किती अवघड आहे हे समजावून सांगतात. आजीच्या अंगठ्याची सूज उतरते आहे.

यंत्र कपडे धुते, पण वाळत घालत नाही, हे मागाहून लक्षात आले. घडीचा स्टँड घ्यावा की छताला दोरीने वर-खाली होणाऱ्या काठ्या बसवाव्यात, या प्रश्नावर दुसरी समिती नेमली आहे. पहिला ठराव मीच सांगितला: निर्णय होईपर्यंत हे काम तात्पुरत्या व्यवस्थेकडे राहील. चिटणिसांनी मान डोलावली, पट्टी लावली आणि तीन रकाने आखले. तिसऱ्याच्या डोक्यावर तिने 'आजोबा' असे लिहिले.

मी हरकत घेतली. ती म्हणाली, "मग दुसरं कुणाचं लिहू, आजोबा?" मुलांना प्रश्न विचारायला शिकवू नये, या मताचे काही शिक्षक मला माहीत आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

रकाना भरला आहे. आवाज: खूप. वेग: कमी. मध्येच थांबते. सूचनापुस्तिका स्वतःच वाचून दाखवते. हमी: आजीला विचारावे. हे लिहिताना मला दोनदा उठावे लागले. आता वाळत घालायचे फक्त मोजे राहिले आहेत.

समोरून चांगले की वरून, एवढे कळावे म्हणून तुम्ही इथपर्यंत आलात, हे मी जाणतो. निवांत बसून वाचलेत. कोणी हाक मारली नाही, हातही कोरडे राहिले. तुमच्यासाठी कोरा तक्ता तयार आहे. फूटपट्टी आखून देते, रेघा सरळ असतात. पहिल्या दोन रकान्यांची नावे तिने घातली आहेत. तिसरे मात्र तुम्हालाच घालावे लागेल. ती म्हणते, या वेळी तुमच्या घरात ब्रशचा आवाज कुठून येतो आहे, ते तिला इथून ऐकू येत नाही.