उशाकडची खिडकी

"खिडकीतून वारा येतो," असं बायकोने पहिल्यांदा सांगितलं त्याला चौदा वर्षं झाली होती आणि "वारा तुझ्या मनात आहे," हे सुतारकाकांचं उत्तरही तितकंच जुनं होतं. खिडकी त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली होती. तिला नाव ठेवणं म्हणजे काकांनाच नाव ठेवणं. म्हणून बायको कानटोपी घालून झोपे आणि घरात शांतता नांदे.

तेवढ्यात नवा नियम आला. प्रत्येक इमारतीची ऊर्जा-तपासणी होणार, 'अ' ते 'ई' श्रेणी मिळणार आणि तो दाखला दर्शनी दारावर लावायचा. काकांचं दर्शनी दार म्हणजे दुकानाचं दार! "सुताराच्याच घराला 'ई' मिळाली, तर मला साधं स्टूल तरी कोण करायला देईल?" काका बायकोला म्हणाले.

तपासनीस अकराला येणार होता. घर उबदार लागलं की साहेब खूश, असं काकांनी ताडलं आणि आठ वाजताच शेजाऱ्यांकडून तीन हीटर मागून आणले. तिन्ही एकदम लावल्यावर फ्यूज उडाला. तो बदलून पुन्हा लावले. दहापर्यंत घराची भट्टी झाली. सासूबाईंनी आधी स्वेटर काढला, मग पंखा लावला.

"पंखा बंद करा! ऊब जातेय!"

"जावईबापू, उबेच्या आधी मी जाईन!"

बेल वाजली तसे काकांनी हीटर बंद करून कपाटात कोंबले.

आत पाऊल टाकताच तपासनिसाच्या चष्म्यावर वाफ धरली. "वा! घर तापवून ठेवलंत? फार छान केलंत."

काकांनी बायकोकडे विजयी नजर टाकली.

"आत ऊब आणि बाहेर गारठा असला, की या कॅमेऱ्यात बारीकशी फटसुद्धा लख्ख दिसते. लोकांना हे सांगूनही कळत नाही."

काकांची नजर खाली आली.

कॅमेऱ्यात गरम ते लाल दिसे, गार ते निळं. कपाटाचं दार लालभडक पेटलेलं पाहून तपासनीस दचकला. "आत काय आहे?"

"कपडे," काका म्हणाले.

"आत्ताच इस्त्री केलेत," सासूबाईंनी जावयाची बाजू सावरली.

मग कॅमेरा खिडकीकडे वळला. चौकटीतून निघालेला निळा पट्टा पलंगावर उतरला आणि नेमका कानटोपी ठेवलेल्या उशीवर जाऊन थांबला.

"इथे कोण झोपतं?"

बायकोने वर्गातल्यासारखा हात वर केला.

"ताई, बोटभर फट आहे! कुणी बसवली ही खिडकी? नाव सांगा, दाखल्यावर शेरा मारावा लागेल."

चौदा वर्षांचा हिशेब चुकवायला बायकोला एक शब्द पुरला असता. तिने काकांकडे सावकाश पाहून घेतलं.

"होता कुणीतरी. नाव नाही आठवत," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी तो दुरुस्तीला येणार आहे. शब्द दिलाय त्याने."

"मग आठवड्याने पुन्हा बघतो. दाखला तेव्हाच देईन."

काकांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की डोळेच भरून आले. जेवून ते दुपारी जरा पडायला गेले, तर त्यांच्या जागेवर ती मस्त पसरली होती. ते मुकाट्याने तिच्या जागेवर आडवे झाले.

"अगं, मानेवर वारा लागतोय."

"तुमच्या मनात आहे हो तो," म्हणत तिने डोळे न उघडताच कानटोपी त्यांच्याकडे सरकवली.