चांगुणाबायचे भोपळे

किन्हवलीत माझं स्वागत एका बाईने हातात कोयता घेऊन केलं.

नवा मास्तर म्हणून मी गावात आलो, त्या पहिल्याच दिवसाची ही गोष्ट. शहापूरहून गाडी करून आलो होतो. गाडीवानाने मला गावाच्या तोंडाशी उतरवलं. खांद्यावर वळकटी, हातात कंदील अशा अवतारात मी शाळा कुठे आहे ते शोधत होतो, तोच एक पन्नाशीची काटक बाई वाटेत आडवी उभी राहिली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पुरुषमाणूस हाय ना तुमी?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, हे मला ट्रेनिंगात कोणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली.

"मंग या. जरा भोपळ्याला कोयता लावा."

ही चांगुणाबाय. तिच्या दारात एक लालबुंद भोपळा पाटावर ठेवलेला होता. आता भोपळा म्हणजे आमच्याकडे घरातला थोरला मुलगा. त्याच्यावर बाईने आधी हत्यार चालवायचं नसतं. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने विळी घेऊन हवे तसे तुकडे करायचे. मी मूळचा वैशाखऱ्याचा, मुरबाडच्या पलीकडचा, त्यामुळे हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरी त्यासाठी कोणी वाटसरू धरून आणत नसे. घरात पुरुष नसला तर शेजारचं रांगतं पोर उचलून आणायचे, त्याचा हात कोयत्याला लावायचे, की झालं.

मी वळकटी खाली ठेवली आणि घाव घातला. भोपळा मधोमध उकलला. मी कंदील उचलून निघालो.

"कुठं निघालास? घाव घातलास ना? मंग बस."

कोयता हातात घेतला की माणूस तिच्या दृष्टीने 'तुमी'चा 'तू' व्हायचा. मी बसलो. सुकट घालून केलेली भोपळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. किन्हवलीत शाळा आहे हे मला त्यानंतर दोन तासांनी दिसलं.

बाईचं खरं राज्य म्हणजे घरामागचं परसू. तेवढ्याशा जागेत काय नव्हतं! मांडवावर दुधी, पडवळ, शिराळी, कुंपणावर वाल, मोरीच्या पाण्यावर अळू, चुलीच्या राखेवर पोसलेली वांगी. मासळी धुतलेलं पाणी मिरच्यांना, शेणकाला दुधीला, कोंबड्यांची झाडलोट भोपळ्याला. कुठलं पाणी कुणाच्या वाट्याचं हे ठरलेलं असे आणि त्यात बदल झाला तर ती बेचैन होई. वेलींशी ती बोलायची, पण गोड नाही. "तुला काय कमी घातलं गो? त्या पडवळीकडं बघ जरा!" असं पडवळीचं उदाहरण देऊन ती दुधीला शाळेत लाजवतात तसं लाजवायची. मी वर्गात तीच पद्धत वापरून पाहिली. दुधीवर जास्त परिणाम होत असे.

एकदा कुठल्याशा खताच्या कंपनीचा एक टोपीवाला पांढऱ्या पुडीची पिशवी घेऊन गावात आला. ही चिमूट मुळाशी टाका, दुप्पट भाजी काढा, असं तो सांगत होता. चांगुणाबायने चिमूट घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली. टोपीवाला ओरडला. बाय थुंकली.

"मिठाचीच बहीण ही. माझ्या घरचे खानार त्यात मी हे टाकू? ते जाऊ दे. पुरुषमाणूस हाय ना तुमी?"

टोपीवाला जेवून गेला. पिशवी तो विसरला, की लाजून ठेवून गेला, कोण जाणे. बाईने ती वाटेवर रिकामी केली आणि धुऊन तिच्यात वालाचं बी भरलं. पुढल्या पावसाळ्यात त्या वाटेवर गवत असं माजलं की तिच्या दारापर्यंत जायचं म्हणजे कापत जावं लागे. "बघ, गवतच वाढवतंय ते," ती मला विजयाने म्हणाली.

'माझ्या घरचे खानार' हे शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिले. कारण तिच्या घरी खाणारं कोणीच नव्हतं. मानमोडीच्या साथीत आठवड्याभरात तिचा नवरा, सासू, दीर आणि दोन्ही मुलगे गेले होते. त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. धाकटी नणंद लग्न होऊन गेली ती गेलीच. पण परसात बी पडायचं ते सात माणसांच्या हिशेबाने. दोन माणसांपुरतं पेरायला बाईला येतच नव्हतं, एकीपुरतं तर सोडाच. दुधी, वांगी, वाल ती कुंपणावरून ज्याला त्याला देऊन टाकायची. भोपळे मात्र कधी कोणाला दिले नाहीत. ते देठासकट काढून, चुलीच्या वरच्या आढ्याला शिंक्यांत टांगलेले असत. अखंड भोपळा तसा शिमग्यापर्यंत सहज टिकतो. दर आठ-दहा दिवसांनी एक खाली यायचा, पाटावर बसायचा, आणि बाय कोयता घेऊन वाटेवर उभी राहायची.

तिच्या हाती कोण कोण सापडलं! टपालवाला, देवी टोचायला आलेला माणूस, कल्हईवाला, एक अस्वलवाला. अस्वलवाल्याचं अस्वलही जेवलं. तलाठ्याच्या हाती मात्र तिने कधी कोयता दिला नाही. तो दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलं खात नसे. आणि भिंतीला भिंत लागून राहणारा धोंडू, रोज समोर दिसणारा धडधाकट पुरुष, त्यालाही कधी बोलावलं नाही. "त्याचा हात जड हाय," म्हणायची. मला ते पटायचं. मी मास्तर होतो. सांगितलेलं पटायची आम्हाला सवय असते.

मी स्वतः किन्हवलीतल्या तीन वर्षांत किती घाव घातले असतील देव जाणे. समोर बसून तीही जेवायची, पोटभर, आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. एरवी कधी सहज डोकावलो तर चुलीवर पेजेचं एक बारकं मडकं असे, बस. एवढं परसू फुललेलं आणि ही बाई पेज आणि मीठ का खाते, हे मी एकदा विचारलं. "एकटीसाठी कोण फोडणी घालतो?" ती म्हणाली आणि मिरच्यांकडे वळली.

पौषात माझी मुरबाडला बदली झाली. घर जवळ येणार म्हणून मी खुशीत होतो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती मागे वाल काढत होती. घरात शिंक्यांत नऊ भोपळे टांगलेले होते. ते पाहिले आणि मला एकदम तिची काळजी वाटली. मी गेल्यावर ही कोणाकोणाच्या वाटेत उभी राहणार? ऊन डोक्यावर घेऊन किती वेळ थांबणार? माझ्या मनात अशी माया दाटून आली, की मी खुंटीचा कोयता काढला, एकेक भोपळा खाली घेतला आणि नऊच्या नऊ भोपळ्यांना पहिला घाव घालून टाकला. घाम पुसला. आयुष्यात काहीतरी भलं काम केल्याचं समाधान मला त्या दिवशी झालं होतं, ते अजून आठवतं.

ती ओटीभर वाल घेऊन आत आली.

"काकी," मी म्हणालो, "तुमची अडचण कायमची मिटवली. आता पुरुष शोधत बसायला नको."

तिने भोपळ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, मोजल्यासारखं.

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

ओटीतले वाल तिने सुपात ओतले आणि म्हणाली, "बरं केलं तुमी."

मला ती बसायला म्हणाली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच घाव घालून मी उपाशी परतलो. निघायची गडबड असेल म्हणून तिने आग्रह केला नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान चढवत होतो तर चांगुणाबाय टोपली घेऊन दारोदार जाताना दिसली. भोपळ्याच्या फोडी वाटत होती. चिरलेला भोपळा चार दिवस टिकत नाही. बायका खूश होऊन फोडी घेत होत्या आणि दार लावून आत जात होत्या. सामान बांधायला धोंडू आला होता. त्याला मी म्हटलं, "बघ, भोपळा कधी कोणाला न देणारी बाय आज वाटते आहे."

धोंडूने दोरी आवळली. "मास्तर, तिला कोयता लावाया मानूस मिळत नव्हता, असं वाटलं तुमाला? मी भिंतीपलीकडंच तर राहतो. मी घाव घातला असता आन घरी जेवाया गेलो असतो. माझी बायको वाट बघत असते ना."

गाडी हलली. मुरबाडपर्यंत मी एकच हिशेब करत होतो. नऊ भोपळे म्हणजे नऊ जेवणं. नऊ दिवस समोर कोणीतरी बसलेलं. तिचा आख्खा हिवाळा मी अर्ध्या घटकेत चिरून टाकला होता, आणि वर घामही पुसला होता. मला माझी लाज वाटली.

पुढल्या दिवाळीत मी वैशाखऱ्याहून घरचा एक भोपळा घेतला आणि खांद्यावर टाकून किन्हवली गाठली. ती दारातच होती. पाठ थोडी वाकली होती. रस्ताभर जुळवत आणलेलं वाक्य मी म्हणून टाकलं.

"काकी, आमच्याकडे हा कापायला कोणी नाही."

वैशाखऱ्याला आम्ही पाच भाऊ. हे तिला चांगलं माहीत होतं. तिने भोपळा हातात घेतला, टिचकी मारून पाहिली, देठ तपासला.

"आज वांगी केलीत. हा ऱ्हाऊ दे. पुढल्या खेपेला येशील तवा कापू."

आणि तो आढ्याला टांगला. मी वांगी खाल्ली. पौषात येतो, असं सांगून निघालो.

पौषात गेलो नाही. मग घरी लग्न निघालं, मग परीक्षा, मग आईचा पाय मोडला. कारणं सगळी खरी होती. जायला वैशाखाचा शेवट उजाडला. वाटेत मला भीती वाटत होती, ती सांगत नाही.

बाय होती. भोपळाही होता, त्याच शिंक्यात, धुराने काळवंडलेला. "मधे दोघंतिघं आले," ती म्हणाली, "पन तो तुजा व्हता." मी खाली काढला तर हाताला हलका लागला. पाटावर ठेवला, कोयता लावला. आत गर असा राहिलाच नव्हता. नुसत्या वाळलेल्या शिरा आणि त्यांना चिकटलेलं बी. मी तसाच कोयता धरून उभा राहिलो. चार-पाच महिन्यांचा उशीर मला त्या पोकळीत दिसत होता.

तिने बिया बोटांनी खरवडून सुपात घेतल्या. फुंकर मारली.

"बी चांगलं हाय. मिरगाला पेरीन." मग माझ्याकडे पाहिलं. "उभा काय ऱ्हायलास? घाव घातलास ना? मंग बस."

चुलीवर पेजेचं ते बारकं मडकं होतं. तिने त्यात तांब्याभर पाणी वाढवलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि दोन वाडगे मांडले.