समुद्रापासून सुरक्षित अंतरावर

सेलूच्या दीपिकाने आजवर समुद्र पाहिलेला नव्हता. भूगोलात पदवी घेऊनही पाहिलेला नव्हता, ही गोष्ट कुणी न विचारताही तिच्या मनाला लागायची. यंदा नवऱ्याची, आदिनाथची, रजा मंजूर झाली, लेक चिमी धावायला लागली आणि रत्नागिरीला जाऊन एकदाचा समुद्र बघावा, असा ठराव घरात संमत झाला. आता फक्त मुक्कामाची जागा निश्चित करणे बाकी होते.

पहिली जागा थेट किनाऱ्यावर होती. दीपिकाने फोनवर लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एका गृहस्थाने एकच तारा देऊन लिहिले होते, 'लाटांचा आवाज येतो.' दुसऱ्याने लिहिले होते, 'समुद्र फोटोतल्याइतका निळा नाही. व्यवस्थापनाने लक्ष द्यावे.' दीपिकाने दोन्हींची गंभीर दखल घेतली. ज्याअर्थी माणसाने एवढं बसून लिहिलं, त्याअर्थी काहीतरी असणारच.

शिवाय भावकीला न विचारता बाहेर मुक्काम करणे हा त्यांच्याकडे अपराध आहे. माणूस जाऊन येतो, पण 'आमाला कुठं इचारलं?' हे पुढच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं. म्हणून 'वालूरकर परिवार' या ग्रुपवर रीतसर हरकती व सूचना मागवण्यात आल्या.

पहिली हरकत सासूबाईंची, मनकर्णाबाईंची. त्या स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "पाण्याच्या काठाला लेकरू घेऊन झोपायलीस? पाणी का कुणाचं ऐकतंय?"

"आत्याबाई, मधी भिंत आहे."

"भिंत बांधाय लागली म्हंजेच धोका हाय की!"

हा युक्तिवाद बिनतोड होता. जागा किनाऱ्यावरून आत सरकली. तिथे वरच्या मजल्याला गॅलरी होती, म्हणजे चिमी पडणार. खालच्या मजल्यापुढे बाग होती, म्हणजे साप निघणार. साप कुणी पाहिला नव्हता, पण साप नाही असंही कुणी लिहिलेलं नव्हतं. 'आमच्याकडे माशांचा वास येत नाही' अशी हमी देणारं हॉटेल दीपिकाने ताबडतोब बाद केलं. इतकं ठासून कोण सांगतं?

मग वालूरच्या बन्सीधरमामांचं तज्ज्ञ मत घेण्यात आलं. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. पण त्यांच्या साडूचा ट्रक एकदा कोकणात अडकला होता.

"हे बघ दीपिका, समुद्राच्या जवळ जायचंच न्हाई. मागं, उंचावर ऱ्हायचं. लय दगाबाज असतंय ते."

शेवटी टेकडीमागचं एक लॉज सर्वानुमते मंजूर झालं. तिथून समुद्र दिसत नव्हता, हा त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

"दीपे," आदिनाथ हळूच म्हणाला, "आपण समुद्र बघायला जायलोत का त्याच्यापासून लपायला?"

"तुम्ही लेकराची फिकीर करूच नका. मी आहेच ना."

गाडी निघाली. सेलूजवळच्याच देवगाव फाट्यावर चहाला थांबली, तोच मामांचा फोन.

"कुठवर आलाव? जिथं हाव तिथंच थांबा! टीव्हीवर दाखवायलेत, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा हाय म्हणून."

"मामा, तो समुद्र दुसऱ्या अंगाचा!" आदिनाथ म्हणाला.

"आरं, पाणी आतून मिळालेलंच असतंय की!"

दीपिकाला भूगोल येत होता. बंगालचा उपसागर कुठे आणि रत्नागिरी कुठे, हे तिने परीक्षेत नकाशा काढून दाखवलं होतं. तिने मागच्या सीटवर झोपलेल्या चिमीकडे पाहिलं आणि पदवी बाजूला ठेवली.

घरी परतणं अशक्य होतं. अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. त्यामुळे परिस्थितीचा आढावा घेईपर्यंत फाट्यावरच्या ढाब्याच्या माडीवर खोली घेण्यात आली. खिडकी नव्हती. चादरीविषयी न बोललेलं बरं. दारापुढून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात. पण या खोलीबद्दल कुणीही, कुठेही, एक वाईट अक्षर लिहिलेलं नव्हतं. आढावा रजा संपेपर्यंत चालला.

खाली जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर समुद्र रंगवलेला होता; गडद निळा, नारळाच्या झाडांसकट. चिमी धावत गेली, दोन्ही तळवे लाटांवर टेकवून म्हणाली, "मम्मी, पानी!"

दीपिका क्षणभर त्या निळ्याकडे बघत राहिली. मग झेपावली. "अगं, रंग असतो त्याला! तोंडात जाईल!" तिने चिमीचे हात खसाखसा पुसले आणि तिला दाराजवळच्या टेबलाशी बसवलं, चित्रापासून सुरक्षित अंतरावर.

त्या चित्राकडे पाठ करून, लांबूनच काढलेला फोटो ग्रुपवर पडला. सगळ्यांनी अंगठे दिले. मामांनी लिहिलं, 'छान. पण पाण्याकडं पाठ करून उभं ऱ्हाऊ नका.'

घरी आल्यावर फोनने विचारलं, 'रत्नागिरीतील आपला मुक्काम कसा झाला?' टेकडीमागच्या त्या लॉजची नोंदणी रद्द करायची राहूनच गेली होती. आता खरं सांगावं तर गल्लीला कळणार. दीपिकाने पाच तारे दिले, त्या फोटोतला भिंतीवरच्या समुद्राचा तेवढा भाग जोडला आणि लिहिलं, 'लहान मुलांसाठी अत्यंत सुरक्षित. समुद्राचा कसलाही त्रास झाला नाही.'

अनेक सावध माणसांना हा अभिप्राय उपयुक्त वाटला. तुम्हालाही वाटला होता. म्हणून तर तुम्ही तिथे उतरलात. आणि टेकडी ओलांडून समुद्र बघून परत आल्यावर, एकच तारा देऊन, तुम्हीही लिहिलंत ना, की समुद्र फोटोतल्याइतका निळा नाही?