चालकाशी बोलू नये

रविवारी सकाळी थोरलीने वही पुढे केली. शाळेने सांगितलं होतं, घरच्यांबरोबर जवळपास पायी फिरा आणि आधी कधीच न पाहिलेली एक गोष्ट शोधून उद्या वर्गात सांगा. वडील अठरा वर्षं सात नंबरच्या बसवर ड्रायव्हर. त्यांनी लगेच छाती फुगवली. इथला दगड न् दगड आपल्या ओळखीचा, एक सोडून दहा गोष्टी दाखवतो, असं त्यांनी जाहीर केलं. बायको कपडे पिळत होती. ती नुसतं "बरं" म्हणाली.

पोरं उड्या मारतच निघाली. वडिलांनी दारातच नियम घातला, "मला रस्ता सांगायचा नाही. चालकाशी बोलू नये, बसमध्ये लिहिलेलं असतं ना?" धाकट्याने तोंडावर बोट ठेवून मान डोलावली.

पण सवय कुठे जाते? पाय आपोआप सात नंबरच्या रस्त्याला लागले. वळणावर वडील असा ऐसपैस वळसा घेत, जणू मागे दोन पोरं नव्हे, अख्खी बस आहे. प्रत्येक थांब्यावर अर्धं मिनिट उभेही राहत. तिसऱ्या थांब्यावर एका आजोबांनी त्यांना ओळखलं. ड्रायव्हरच पायी निघालाय म्हणजे बस बंद, असं म्हणत त्यांनी पिशवी उचलली. आजोबा निघाले म्हणून दोन बायका निघाल्या. पाचव्या थांब्यापर्यंत मागे अकरा जण झाले. आज माझी सुट्टी आहे, असं वडिलांनी परोपरीने सांगितलं, पण जवळची वाट यालाच ठाऊक असणार म्हणून कुणी मागे हटेना.

इकडे थोरलीचा चेहरा उतरला होता. हे सगळं तिने बसच्या खिडकीतून शंभरदा पाहिलेलं. वही कोरीच होती. लेकीसमोर अब्रू जाते की काय, या धास्तीने वडिलांनी बस कधीच शिरणार नाही अशा एका बोळात उडी घेतली. पोरांच्या अंगात वारं शिरलं. पण मांजर पाहिलेलं, मुंग्यांची रांग पाहिलेली, पडकी भिंतसुद्धा पाहिलेली. तीन वळणं झाली आणि चौथ्याला वडिलांना कळलं की आपण चुकलोय. मागे अकरा जण घाम पुसत होते.

समोर एका घराचं मागचं अंगण होतं. दोरीवर भोकाभोकांचं बनियन वाळत होतं.

"काय माणूस असेल," वडील मागे वळून म्हणाले, "असलं बनियन चारचौघांत वाळत घालतात?" अकरा जणांनी माना हलवल्या. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पत्ता विचारायला वडिलांनी कडी वाजवली.

दार बायकोने उघडलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या वरातीकडे, मग बनियनकडे.

"या," ती म्हणाली. "या घरात अकरा वर्षं झाली, मागच्या दाराने पहिल्यांदाच आलात."

वडील पोरांकडे वळले. "अरे पोरांनो, सांगायचं नाही का?"

"चालकाशी बोलू नये," धाकटा म्हणाला.

थोरली पायरीवर बसून भराभरा लिहीत होती: 'कधीच न पाहिलेली गोष्ट. बाबांनी न पाहिलेली: आमच्या घराची मागची बाजू.'

बायकोने अकरा जणांना पाणी दिलं आणि नवऱ्याच्या हातात ओल्या कपड्यांची बादली. आता रोज वाळत घाला, म्हणाली, म्हणजे घर ओळखीचं होईल.